बिब्यापासून सिमेंटपर्यंत : कातडीला चिकटणारे छोटे रेणू

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या जंगलात हिवाळ्यात बिबा पिकतो. काळंभोर, चपटं, हृदयाच्या आकाराचं फळ आणि त्याच्या देठाकडे केशरी गरदार बोंड. बोंड वाळवून खातात. काळ्या फळाच्या आत पांढरी गोडंबी असते, बाळंतिणीच्या लाडवात घालतात ती. या दोन खाण्याच्या जिनसांच्या मध्ये जी टणक साल आहे, तिच्यात बारीक कप्पे असतात आणि कप्प्याकप्प्यात तेल भरलेलं असतं. ताज्या फळातलं तेल फिकट तपकिरी दिसतं, हवा लागली की काळं पडतं. गोडंबी काढायला बसलेली बाई आधी बोटांना साधं तेल लावते, राखेत हात घोळवते, फळ दगडावर उभं धरते आणि एकाच ठोक्यात फोडते. ठोका चुकला तर तेलाचा शिंतोडा मनगटावर उडतो. तिथं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुटते, लालसर पट्टा उठतो, त्यावर पाण्याचे फोड येतात आणि फोड फुटले की आजूबाजूची कातडी ओलसर होत जाते. बिबा उतला, असं म्हणतात त्याला.

या उतण्यात एक कोडं आहे आणि गावकऱ्यांनी ते शास्त्रज्ञांच्या फार आधी पाहिलेलं आहे. तेच तेल तेवढंच दोन सख्ख्या बहिणींच्या हातावर पडतं. एकीला चट्टाही उठत नाही, दुसरीचा चेहरा सुजून डोळे मिटतात. एखाद्या माणसाला चार हिवाळे काही होत नाही आणि पाचव्या हिवाळ्यात नुसतं फोडलेल्या फळांच्या ढिगाजवळ बसलं तरी उततो. विषाचा हिशोब असा नसतो. विष जास्त घेतलं तर जास्त बाधतं, कमी घेतलं तर कमी, आणि सगळ्यांना बाधतं. इथं मात्र माणूस बदलला की परिणाम बदलतो, आणि त्याच माणसाच्या बाबतीतही काळ बदलला की परिणाम बदलतो. शंभर-सव्वाशे वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष थोडक्यात असा, की या आजाराचं कारण त्या रेणूच्या विषारीपणात शोधून उपयोग नाही. तो रेणू आपल्या अंगातल्या प्रथिनाला चिकटतो, आणि आजार त्या चिकटण्यातून जन्मतो. बाकीचं सगळं, निदान, उपचार, कायदा, या एका गोष्टीवर उभं आहे.

बिब्याचं झाड आंब्याच्या कुळातलं. काजू आणि चारोळी त्याचे भाऊबंद. अमेरिकेतली ‘पॉयझन आयव्ही’ नावाची वेल आणि जपानमध्ये भांड्यांना लाख-रोगण देणारा उरुशी वृक्षही त्याच कुळातले. या सगळ्यांच्या चिकात एकाच घराण्याची संयुगं सापडतात. उरुशीतल्या द्रव्याला उरुशिऑल म्हणतात, बिब्यातल्या द्रव्याला भिलावनॉल. रचना जवळजवळ सारखी : एक सहा कार्बनांचं कडं, त्याला शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, आणि मागे पंधरा कार्बनांची लांब शेपटी. त्यामुळे धानोऱ्याच्या जंगलात बिबा उतलेला माणूस पुढे अमेरिकेत गेला आणि घरामागच्या झुडपात शिरला, तर आयुष्यात कधीही न पाहिलेल्या त्या वेलीनं त्याचं अंग पेटू शकतं. त्याची कातडी वेल ओळखत नाही, रेणू ओळखते. हापूसची साल दातानं सोलणाऱ्या काहींच्या ओठांभोवती पुरळ येतं, वेंगुर्ल्याकडे ओला काजू सोलणाऱ्यांची बोटं सोलवटतात, हेही याच घराण्याच्या नात्यातलं.

या घराण्यातल्या बिब्याची जगाला ओळख पटली ती गमतीच्या नव्हे, चांगल्याच त्रासाच्या वाटेनं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांच्या मानेमागे, कमरेवर, पायावर नेमक्या एकेका जागी फोड येऊ लागले. कपडे धुवायला नेणारे परीट ओळखीसाठी कपड्यावर बिब्याच्या तेलानं खूण करत आणि ती पक्की व्हावी म्हणून चुना लावत. गणवेशाच्या कॉलरवर जिथं खूण, तिथंच मानेवर फोड. १९४३ मध्ये लष्करी डॉक्टरांनी याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली. धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन आलेल्या कापडावरची एवढीशी खूणही पुरेशी ठरत होती, यावरून किती थोडं द्रव्य लागतं हे कळलं.

छोटा रेणू एवढा मोठा गोंधळ कसा घालतो, याचं उत्तर त्याच्याही आधी दुसरीकडे तयार होत होतं. रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर यांना नोबेल मिळालं १९३० साली, पण त्यांचं हे दुसरं कामही तितक्याच तोलाचं आहे. आपली रोगप्रतिकारयंत्रणा मोठ्या रेणूंवर, मुख्यतः प्रथिनांवर, लक्ष ठेवते. हिमोग्लोबिनचं रेणुवस्तुमान सुमारे ६४,००० डाल्टन. त्यापुढे निकेल ५९, केस काळे करणारं पॅराफेनिलिनडायअमिन १०८, गाजर गवतातलं पार्थेनिन २६२, भिलावनॉल ३१६च्या आसपास. एवढ्या लहान वस्तू यंत्रणेच्या नजरेतच भरत नाहीत. लँडस्टायनरनी दाखवलं, की असा रेणू प्रथिनाला जोडला गेला तर मात्र त्याच्याविरुद्ध नेमका प्रतिसाद तयार होतो. अशा अर्धवट रेणूला त्यांनी हॅप्टेन म्हटलं. १९३५ मध्ये जॉन जेकब्ज यांच्यासह त्यांनी गिनीपिगच्या कातडीवर साधी क्लोरीन आणि नायट्रो गट असलेली बेंझिन संयुगं लावून पाहिली. ज्या संयुगांतला क्लोरीन सहज सुटतो आणि जी दुसऱ्या रेणूला पटकन बांधली जातात, त्यांनीच ॲलर्जी निर्माण केली. ज्यांचा क्लोरीन घट्ट बसलेला, ती निरुपद्रवी राहिली. परीक्षानळीतला गुणधर्म आणि कातडीवरचा आजार यांची अशी थेट सांगड त्याआधी क्वचितच कुणी घातली असेल.

भिलावनॉल हे याचं अगदी चोख उदाहरण. कातडीचा वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा आणि त्यांच्यामध्ये मेदाचा. पाणी तिथं अडतं. पंधरा कार्बनांची तेलकट शेपटी मात्र त्या मेदात सहज विरघळते आणि रेणूला आत ओढून नेते. आत पोचल्यावर डोक्याकडचे दोन हायड्रॉक्सिल ऑक्सिडीकरणानं बदलतात, कड्याचं क्विनोन होतं. क्विनोनला इलेक्ट्रॉनांची भूक असते. कातडीतल्या प्रथिनांवर सिस्टीनचे गंधकयुक्त गट आणि लायसीनचे अमाइन गट उघडे असतात. क्विनोन त्यांना पकडतं आणि कायमचं चिकटून बसतं. या बंधनानंतर प्रथिन जुनंच राहतं, पण ओळख बदलते. जंगलातून परतलेल्या आपल्याच गाईच्या अंगभर गोखरू चिकटलेले असले म्हणून ती परकी होत नाही, हे गुराख्याला कळतं. कातडीतल्या पेशींना ते कळत नाही.

इथं एक मर्यादाही सांगायला हवी. २००० साली बॉस आणि माइनार्डी या नेदरलँडच्या संशोधकांनी ५०० डाल्टनचा नियम मांडला : कातडीची ॲलर्जी करणारी बहुतेक सगळी परिचित द्रव्यं याहून हलकी आहेत, कारण त्याहून जड रेणूंना अखंड कातडीतून आत जाणं जमत नाही. म्हणजे लहानपण ही या रेणूंची उणीव आणि ताकद दोन्ही आहे. लहान म्हणून ते एकटे दिसत नाहीत, आणि लहान म्हणूनच आत शिरतात.

चिकटलं की लगेच आजार होतो असंही नाही. कातडीच्या पेशींना ताण पडतो, त्या धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थीदशेतल्या जर्मन संशोधकानं कातडीत फांद्या-फांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या आहेत असं मानलं. शंभरेक वर्षांनी कळलं, की त्या पहारेकरी पेशी आहेत. त्या आणि त्यांच्यासारख्या इतर पेशी चिकटलेल्या प्रथिनाचे तुकडे उचलतात, काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. असंख्य टी-पेशींपैकी ज्या थोड्यांना तो तुकडा जुळतो, त्यांची संख्या वाढते. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि या काळात कातडीवर काहीच दिसत नाही. त्यानंतर त्या टी-पेशी अंगभर गस्त घालत राहतात, काही तर कातडीतच वर्षानुवर्षं मुक्काम करतात. पुन्हा तोच रेणू आला की त्या जमतात, आणि चोवीस ते बहात्तर तासांत खाज, लाली, फोड. हे काम रक्तातल्या प्रतिपिंडांचं नाही, पेशींचं आहे, हे लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये सिद्ध केलं : ॲलर्जी असलेल्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्याला टोचल्यावर ॲलर्जीही त्याच्याकडे गेली.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही दोन-तीन दिवसांची दिरंगाई. विंचू चावला तर कुणी चावलं हे विचारावं लागत नाही. इथं सोमवारी लागलेलं बुधवारी उठतं. मधल्या मंगळवारी माणसानं नवी भाजी खाल्लेली असते, कुणाकडे जेवलेला असतो, ताप आला म्हणून गोळी घेतलेली असते. दोष त्यांच्यावर जातो. मग वांगं बंद, मासळी बंद, आणि खरं कारण हातात तसंच राहतं. बिब्याच्या बाबतीत ही चूक होत नाही, कारण बिब्याला सगळे ओळखतात. झाड, फळ, हंगाम, डाग, सगळं डोळ्यांसमोर असतं. अडचण बाकीच्या रेणूंची आहे.

त्यातलं एक झाड तर आपण डोळ्यांदेखत वाढवलं. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५च्या सुमारास झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास सांगतात. पण मदतीच्या गव्हाचा पी. एल. ४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, तेव्हा ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. पुढच्या वीस वर्षांत शेतात आणि रस्त्याकडेला काम करणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराचे सांधे जाड, काळपट आणि खाजरे होऊ लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिशेल आणि कॅलनन या परदेशी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये हा आजार सविस्तर मांडला. दोषी रेणू पार्थेनिन. त्याच्या एका टोकाला कार्बनचा उघडा दुहेरी बंध आहे आणि तो प्रथिनातल्या गंधकाला थेट चिकटतो. भिलावनॉलसारखं आधी बदलावंही लागत नाही. गवत वाळलं की पानांवरची सूक्ष्म लव हवेत उडते, म्हणून न शिवताही उघड्या कातडीवर आजार येतो. उन्हाळ्यात-पावसाळ्यात वाढतो, हिवाळ्यात जरा बसतो, आणि अनेक वर्षांनी काही रुग्णांत बाराही महिने राहतो. मेक्सिकोहून आणलेला, ही पानं खाणारा भुंगेरा १९८४ पासून बंगळुरूत सोडला गेला आणि नंतर देशभर पसरला. त्यानं काही ठिकाणी गवत विरळ केलं, संपवलं मात्र नाही. गडचिरोलीकडच्या रस्त्यांच्या कडेलाही गाजर गवत आता नवं नाही.

सागवानाचंही थोडं सांगतो, कारण चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की सागवान आठवतो. या लाकडाला वाळवी सहज लागत नाही, त्यामागे लाकडातली नॅफ्थोक्विनोन संयुगं आहेत, त्यातलंच एक डिऑक्सिलॅपाकॉल. पुन्हा क्विनोनच. आरागिरणीत आणि सुताराच्या नेटावर बारीक भुसा घामानं ओल्या मानेवर, कोपरात बसतो आणि काहींना तिथं कायमची खाज जडते. शिसवीतही अशीच क्विनोनं आहेत. लाकडाला टिकवणारा गुण माणसाच्या कातडीला नडतो.

पण खरी मोठी संख्या आता झाडांकडून येत नाही, बाजारातून येते. चंद्रपूर जिल्हा सिमेंटचा : आवारपूर, गडचांदूर, घुग्घुस. सिमेंटमध्ये षट्संयुजी क्रोमियमचा अंश असतो, तो पाण्यात विरघळतो, कातडीतून आत जातो, तिथं त्याचं त्रिसंयुजी रूप होतं आणि ते प्रथिनाला धरतं. गवंड्याच्या हातावर दोन वेगवेगळे आजार एकाच वेळी असू शकतात, आणि ते वेगळे ओळखणं फार गरजेचं आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्क आहे, ते कोणाचीही कातडी खातं. हा दाह, ॲलर्जी नव्हे, आणि हात काही दिवस कोरडे ठेवले की तो बरा होतो. क्रोमेटची ॲलर्जी मात्र एकदा जडली की कामावरून काढून टाकणारी असते. पहिला आजार दुसऱ्याची वाट मोकळी करतो : खाल्लेल्या कातडीतून क्रोमियम सहज शिरतं आणि दाहामुळे पहारेकरी पेशी आधीच जाग्या असतात. बिब्याचं तेलही दोन्ही करतं, म्हणून जास्त तेल लागलं तर ज्याला ॲलर्जी नाही त्यालाही भाजल्यासारखं होतं. डेन्मार्कनं १९८१ मध्ये सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून विद्राव्य क्रोमेट कमी करायला सुरुवात केली. युरोपीय संघानं १७ जानेवारी २००५ पासून दशलक्षात दोन भाग ही मर्यादा घातली. फेरस सल्फेट स्वस्त आहे. मजुराला हातमोजे घाला म्हणून सांगण्यापेक्षा गोणीतच रसायन बदलणं मला जास्त न्यायाचं वाटतं, कारण त्यात मजुराकडून काहीच मागितलेलं नाही.

निकेलची कथा आणखी वेगळी आहे. ते रेणूही नाही, धातूचा साधा आयन. घामात विरघळतो आणि प्रथिनांतल्या हिस्टिडीनला धरतो. त्यात त्याची एक खास खोडी २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवली. माणसाच्या पेशीवर जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-४ नावाचा ग्राहक असतो, निकेल त्यालाच चिकटून धोक्याची सूचना स्वतःच वाजवतं. उंदराच्या ग्राहकात त्या जागी हिस्टिडीन नाहीत, म्हणून उंदराला निकेलची ॲलर्जी सहज होत नाही. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी ते तांबं, जस्त आणि निकेल. कान टोचल्यावर ताज्या जखमेत असं डूल घालणं म्हणजे निकेलला सरळ आत बोलावणं. १९४७ पासून आपला रुपया चांदी सोडून निकेलचा झाला, तेव्हा जुन्या नाण्यांच्या माळेत नवी नाणी ओवणाऱ्या गळ्यांचा दागिना बदलला होता, याची कुणी त्यांना कल्पना दिली असेल असं वाटत नाही. युरोपनं १९९४च्या निर्देशात कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा दंडक घातला आणि पुढच्या पिढीच्या मुलींत हे प्रमाण घटलं.

दर चौरस सेंटिमीटरमागे, हे शब्द सहज लिहिलेले नाहीत. इंग्लंडमध्ये पीटर फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात स्वयंसेवकांवर डायनायट्रोक्लोरोबेंझिन वापरून पाहिलं, की ॲलर्जी जडणं हे एकूण किती द्रव्य लागलं यापेक्षा कातडीच्या एका तुकड्यावर किती दाट पडलं यावर ठरतं. परिटाची खूण एवढीशी, पण दाट.

टिकली, चप्पल, कलप. आठवडी बाजारात एकाच पथारीवर तिन्ही मिळतात. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉलची राळ, रबरी चपलेच्या पट्ट्यात रबर पिकवायला घातलेलं मर्कॅप्टोबेंझोथायाझोल, कलपात आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेहंदीत पॅराफेनिलिनडायअमिन. शेवटचं संयुग हवेत बिब्याच्याच वाटेनं जातं : ऑक्सिडीकरण, क्विनोनसारखं रूप, प्रथिनाशी बंध. चट्ट्याची जागाच इथं बोलते. कपाळाच्या मध्यावर गोल, पावलावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा, केसांच्या रेषेवर आणि कानामागे.

टिकली आणि चपलेतली काही फिनॉलवर्गीय द्रव्यं ॲलर्जीसोबत, कधी ॲलर्जीविनाही, रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी मारतात आणि तिथं पांढरा डाग राहतो. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ही बाब एका ओळीत संपली असती. इथं नाही. बाबा आमटेंनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते १९४९च्या सुमारास, आणि कुष्ठरोग चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून आजही गेलेला नाही. कातडीवर फिकट डाग दिसला की घरात काय वातावरण होतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, टिकलीच्या डागावर तो पूर्ण कळतो. डोळे मिटायला लावून कापसाच्या टोकानं ही परीक्षा कुठल्याही उपकेंद्रात दोन मिनिटांत होते. उलट बाजूही तितकीच खरी : बधिर झालेल्या हाताला बिब्याचं तेल लागलेलं कळतच नाही, आणि फोड चिघळेपर्यंत माणूस काम करत राहतो.

नेमका रेणू कोणता हे ठरवायची खात्रीची रीत एकच, पॅच टेस्ट. १८९५ मध्ये योझेफ याडासोन यांनी पाऱ्याच्या मलमावर ती प्रथम वापरली आणि तत्त्व आजही तेच आहे. पाठीवर छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्या असलेल्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक वाटीत एकेक संशयित द्रव्य ठरलेल्या प्रमाणात. भारतीय मालिकेत निकेल, क्रोमेट, पॅराफेनिलिनडायअमिन, रबराची द्रव्यं, सुगंधी मिश्रण, निओमायसिन, पार्थेनियम असतं. ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि ९६ तासांनी पुन्हा. दुसरं वाचन टाळलं तर काही खऱ्या ॲलर्जी हुकतात आणि काही नुसते दाह ॲलर्जी म्हणून लिहिले जातात. आता हे धानोऱ्याच्या नकाशावर ठेवून पाहा. नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. सोमवारी पट्टी, बुधवारी पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं. मधल्या दिवसांत आंघोळ नाही, घाम गाळायचा नाही, आणि आठवड्याची मजुरी गेली. परीक्षा निर्दोष आहे, पण ती शहरात राहणाऱ्यासाठी बेतलेली आहे. लावून ठेवायच्या वस्तूंपुरती, म्हणजे तेल, मलम, क्रीम यांच्यापुरती, एक सोपी रीत उपयोगी पडते : कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहायचं. बिब्यासारख्या, सिमेंटसारख्या किंवा कलपासारख्या जहाल वस्तूवर ही रीत चुकूनही करायची नाही.

उपचारावर लांब लिहिण्यासारखं फार नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत साबण आणि भरपूर पाण्यानं धुतलं तर बिब्याचं बरंचसं तेल निघतं. नंतर ते प्रथिनाला बांधलं गेलेलं असतं आणि कितीही घासलं तरी निघत नाही. फोडांतलं पाणी लागून आजार पसरतो ही समजूत चुकीची आहे, त्या पाण्यात भिलावनॉल नसतं. पसरतो तो नखांत, कपड्यात, कुऱ्हाडीच्या दांड्यावर राहिलेल्या तेलातून. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांचं स्टिरॉइड काम करतं. मात्र औषधाच्या दुकानातून सांगून आणलेली मिश्र मलमं अनेकदा दुसरा आजार लावून जातात, कारण त्यांत स्टिरॉइडसोबत निओमायसिन असतं आणि निओमायसिन स्वतःच नामांकित हॅप्टेन आहे. स्टिरॉइड त्याची ॲलर्जी दाबून ठेवतं, मलम बंद केलं की ती उफाळते, आणि माणूस पुन्हा तेच मलम लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटणं ही पुढची गोष्ट.

आणि आता पोटातून घेतलेल्या बिब्याचा प्रश्न. सुईवर बिबा धरून दिव्यावर तापवायचा आणि टपकणारं तेल दुधात घ्यायचं, हा घरगुती उपाय विदर्भात जुना आहे. आयुर्वेदात भल्लातक मोठं औषध, पण तिथं आधी विटेच्या चुऱ्यात घोळून तेल उतरवायचं शोधन सांगितलेलं आहे. मेरिल चेस यांनी १९४६ मध्ये दाखवलं, की गिनीपिगला एखादं हॅप्टेन आधी खायला घातलं तर पुढे कातडीवर त्याची ॲलर्जी जडत नाही. दातांना निकेलच्या तारा आधी बसवल्या आणि कान नंतर टोचले, तर त्या मुलींत निकेलची ॲलर्जी कमी आढळते. तोंडावाटे ओळख झालेल्या रेणूला शरीर आपलं मानतं, कातडीवाटे घुसलेल्याला शत्रू. लहानपणापासून बोंडं आणि गोडंबी खाणाऱ्या वस्त्यांत बिबा कमी उततो का, हा प्रश्न म्हणून मला फार मोलाचा वाटतो आणि गडचिरोलीसारखी त्याला तपासायची जागा दुसरी कुठली असेल? पण तो प्रश्नच आहे, सल्ला नव्हे. ज्याला आधीच ॲलर्जी जडली आहे त्यानं तेल पोटात घेतलं, तर तोंड, गुदद्वार आणि सगळं अंग उतू शकतं. या झाडाच्या चिकाच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाचा बाह्यभाग मृत झाल्याची नोंद वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७९ मध्ये केलेली आहे.

कायद्याकडे वळलं की आपल्याकडे एक जुनी आणि चांगली तरतूद दिसते. केसांच्या रंगाच्या पाकिटावर, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापायचा, आणि कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून आधी तपासायची सूचना द्यायची. पण ती सूचना चोवीस तासांनी पाहा म्हणते. आजाराचा स्वभाव आपण वर पाहिला : अनेकांत प्रतिक्रिया अठ्ठेचाळीस तासांनंतर उठते. चोवीस तासांनी कातडी स्वच्छ पाहून माणूस डोकं रंगवतो आणि तिसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी दवाखान्यात येतो. दोन दिवस थांबा, एवढा बदल करायला कुठलंही नवं संशोधन लागत नाही. टिकलीच्या पाकिटावर आणि चपलेच्या तळव्यावर तर आत काय आहे हे छापलेलंच नसतं, म्हणून पॅच टेस्टनं रेणूचं नाव सांगितलं तरी बाईनं बाजारात ते टाळायचं कसं, हा प्रश्न तसाच राहतो.

धानोऱ्यापुरतं एक काम मात्र वरून कुणाची वाट न पाहता होण्यासारखं आहे. याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, आणि त्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतःचं वनोपज स्वतः विकू लागल्या. तेंदू आणि बांबूच्या व्यवहारात भाव, मोजणी, बोनस यांवर जशी चर्चा होते, तशी बिबा फोडणाऱ्या हातांवर व्हायला हवी. साबण आणि पाण्याची बादली फोडायच्या जागी, घरी नव्हे. फळ हातात न धरता पकडायला साधा चिमटा. बाजारात मिळणारे पातळ लॅटेक्सचे मोजे या कामाचे नाहीत, या घराण्याचं तेल त्यातून आरपार जातं. जाड विनाइलचे लागतात आणि तेही डाग पडले की बदलावे लागतात. रबरी मोज्यांत चपलेच्या पट्ट्यातलीच द्रव्यं असतात, तेव्हा ज्या बाईला चपलेचा त्रास आहे तिला ते द्यायचे नाहीत. आणि जिच्या अंगावर एकदा बिबा उतला आहे, तिला त्या हंगामात फोडण्याऐवजी वेचलेला माल वाळवण्याचं किंवा तोलण्याचं काम त्याच मजुरीवर मिळालं पाहिजे.